सुधारलेला वास

माझं सेंट ज्याने बदललं ना, तो माणूस मला एकदा समोर हवा आहे. फार काही करणार नाही. आईच्या खाटेपाशी नेऊन उभा करीन आणि म्हणेन, आता तूच सांग हिला, मी कोण ते.

हिरव्या झाकणाची ती बाटली मी नोकरीला लागले तेव्हापासून वापरत होते. भारीतली नव्हे हं. तुळिंजच्या कुठल्याही बांगड्यांच्या दुकानात मिळायची. मोगऱ्याचा वास, पण त्याच्यामागे किंचित कडूसर काहीतरी, कडुलिंबाची काडी मोडल्यासारखं. ऑफिसातल्या बायका नाकं मुरडायच्या. "अगं, आता तरी काही चांगलं घे!" मी म्हणायचे, मला आवडतं, मी लावणार, तुम्हाला त्रास होत असेल तर खिडकीपाशी बसा.

आई भावाकडे असते, अर्नाळ्याच्या अलीकडे, आमच्या वाडीतल्या घरात. काचबिंदूने तिची नजर गेली आणि मागोमाग आठवणही चालली. नावं गेली, नाती गेली, आवाजांचा गोंधळ व्हायला लागला. नाक मात्र शाबूत. खाडीकडून वारा आला की खाटेवरूनच सांगायची, "बोंबील अजून नीट वाळले नाहीत, काढू नका म्हणावं." तिला विचारतंय कोण! पण सांगायची.

मी रोज संध्याकाळी मनवेलपाड्याहून तिला भरवायला जायचे. दारात चपला काढतेय तोवर आतून हाक, "आली गं माझी बाय!" मी मनगट तिच्या नाकाशी धरायचे, ती हुंगायची, हसायची आणि मग तोंड उघडायची. तिच्याजवळ माझी एवढीच खूण उरली होती. मला तेवढी पुरत होती.

गेल्या उन्हाळ्यात बाटली संपली, नवी आणली. झाकण तेच, चित्र तेच, कोपऱ्यात एक पिवळा गोल: नवीन, सुधारित सुगंध. घाईत दोन्ही मनगटांना लावलं आणि थबकलेच. मोगरा नाही, तो कडूपणा नाही, नुसता गोड गोड वास, मॉलच्या बाथरूममध्ये येतो तसला. जळलं मेलं, उद्या बदलून आणू म्हणत तशीच गेले.

हाक आली नाही. मी मनगट पुढे केलं तर आईने मान मागे घेतली. "कोण गं तू?"

"अगं आई, मीच."

"खोटं बोलू नकोस. माझी मुलगी यायचीय. मी तिच्याच हातचं जेवते." आणि तिने माझा हात असा झटकला की वरणभात पार भिंतीवर. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी सोडलं नसतं. आईवर काय ओरडणार? भिंत पुसली.

ओरडले ती कंपनीच्या फोनवर. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, ग्राहकांच्या मागणीनुसार आम्ही सुगंध अधिक फ्रेश केलाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठल्या ग्राहकाने केली मागणी? मी इतकी वर्षं घेतेय, मी ग्राहक नाही का? मला कधी विचारलंत?" तर म्हणते, "तुमचा अभिप्राय आम्ही पुढे कळवतो." कुठे पुढे? समुद्रात?

तुळिंज पालथं घातलं, विरारचा बाजार पालथा घातला. सगळीकडे तो पिवळा गोल. शेवटी चिडून सेंट लावणंच सोडलं. नुसत्या अंगाने जायला लागले. आई आधी खायची नाही, मग भूक लागली की दोन घास घ्यायची. हळूहळू सवय झाली तिला. पण कुणाची? "बाई, भात जरा मऊ करा हं," म्हणायला लागली. माझी आई मला अहोजाहो करत होती! मी वेणी घालायचे, पाय चोळायचे, आणि ती विचारायची, "माझी मुलगी आली नाही का हो?"

"येईल," मी दात आवळून म्हणायचे.

दिवाळीच्या आधी वहिनीने साड्यांना ऊन द्यायला कपाट उपसलं आणि एका पैठणीच्या घडीतून ती बाटली बाहेर आली. जुनी, सीलबंद, पिवळा गोल नसलेली. मीच कधीतरी भाऊबीजेला वहिनीला दिलेली. मला वाटलं होतं, केव्हाच संपवली असेल.

"इतकी छान वस्तू रोज कशी वापरायची?" वहिनी म्हणाली. "पोरीच्या लग्नात लावीन म्हणून ठेवली होती."

पोरगी अजून कॉलेजात! सहा महिने मी गावभर वणवण करतेय, हिच्यासमोर रडतेय, आणि बाटली हिच्या पैठणीत! "तू माणूस आहेस का कोण आहेस?" मी म्हणाले आणि सील तिथेच फोडलं. तोच वास. तोच कडूपणा. ताट घेतलं, आईच्या खोलीत गेले, मनगट पुढे केलं.

आईने हुंगलं. तिने मला ओळखलं. चेहरा उजळला, आणि दुसऱ्याच क्षणी कपाळाला आठ्या.

"इतके दिवस कुठे उलथली होतीस?"

"आई, अगं, रोज येत होते मी."

"थापा मारू नकोस! रोज ती बाई येत होती. परकी बिचारी, पण तिने भरवलं, तिने वेणी घातली. पोटची पोर तू, तुला वेळ नाही झाला. चालती हो. मला तिच्याच हातचं जेवायचंय." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी समजावलं. शपथ घातली. शेवटी ओरडलेसुद्धा. भात गार व्हायला लागला.

मग मोरीत गेले आणि दोन्ही मनगटं कपड्यांच्या साबणाने घासली, वास जाईपर्यंत. परत येऊन खाटेवर बसले. आईने नाक ओढून अंदाज घेतला.

"आलात का बाई? बरं झालं. आत्ताच मुलीला हाकललं मी. चुकलं का हो माझं?"

"नाही," मी घास पुढे करत म्हणाले. "बरोबर केलंत."