आधी हेमालीकडं जा
पेणच्या खाडीकडच्या आळीत गणपतीचे कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यातला एक कमळचा. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने चालवला. तोंडाची फटकळ, पण मूर्तीला हात लावला की आवाज आपोआप खाली येणारी बाई.

त्या श्रावणात तिचा जीव टांगणीला लागला होता. मुंबईचा व्यापारी बजावून गेला होता, यंदाही टेम्पो अर्धा भरला तर पुढल्या वर्षी दुसरा कारखाना बघेन. मूर्ती रंगवून झाल्या होत्या. अडलं होतं डोळ्यांपाशी. अंगाचा रंग सुकल्यावरच डोळ्यांची आखणी होते, आणि आळीत ती करणारा माणूस एकच, दादू. तो दुसरीकडे अडकू नये म्हणून जो तो त्याला फोन करायचा, "या, माल सुकलाय." दादू यायचा, बोट लावायचा, बोटाला रंग. मग त्याला चहा द्यायचा, पंखा मूर्तींकडे फिरवायचा, पण उठू द्यायचं नाही. कमळही तेच करायची, आणि वर समोरच्या कारखान्याच्या मालकिणीच्या, हेमालीच्या नावाने बोटं मोडायची.

याच गोंधळाचा अभ्यास करायला अमिषा आली. शेजारच्या गावची, मुंबईच्या कॉलेजात पीएचडी करणारी. माती येते तिथपासून मूर्ती टेम्पोत चढते तिथपर्यंत कोण कुणासाठी खोळंबतं, हा तिचा विषय. अभ्यासाच्या नावाखाली फोटो काढून पळणारे आळीने पुष्कळ पाहिलेत. ही मात्र पायरीवर ठाण मांडून बसली.

एका सकाळी ती कमळला म्हणाली, "काकी, दादूकाका एकटे पुरतात. तुम्ही सगळे त्यांना ओल्या मालापुढे बसवून ठेवता. तिकडे सुकलेला माल तसाच उभा."

"मंग? मला खोटारडी म्हनतेस?"

"सगळ्यांनाच म्हणते. ज्याचं सुकलं त्यानेच दारात भगवं फडकं लावायचं. काका फडकं बघून येतील. पण सुरुवात कुणीतरी करायला हवी."

"ती मीच काय? आनी दादू आलाच नाय तर टेम्पो तुझ्या कॉलेजात उभा करू?"

अमिषा हसली. "बाकीचे मानतील याची खात्री मी देत नाही, काकी."

हे मात्र कमळला आवडलं. खात्री देणाऱ्यांनीच तिला आजवर बुडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादू ब्रशची पेटी घेऊन दारात आला. मूर्तींचे पितांबर अजून चिकट होते. कमळ उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"भाऊ, माझं ओलं हाय. आधी हेमालीकडं जा."

"बरी हायस ना गो?"

"जा म्हनते ना."

मग ती दिवसभर अमिषाला शिव्या घालत मूर्तींना पंखा लावून बसली. संध्याकाळी रंग सुकला. तिने फडकं लावलं, पण हेमालीकडून दादू सुटेल अशी आशा नव्हती. एवढ्यात हेमालीच दादूची पेटी काखेत मारून आळी ओलांडून आली. मागे दादू.

"माझ्या मोठ्या मूर्ती ओल्याच हायत. ने बाई ह्याला, फुकट चहा पितोय."

हळूहळू आळीत भगवी फडकी दिसू लागली. त्या वर्षी कमळचा टेम्पो भरून गेला.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी दादूने पहिल्या मूर्तीपुढे ब्रश बुडवला. कमळच्या सासूपासूनची रीत अशी, की पहिले डोळे उघडताना समोर कारखान्याचा धनी उभा राहतो. देवाची पहिली नजर त्याच्यावर पडते. कमळने अमिषाचं मनगट धरून तिला तिथे आणून उभं केलं.

"काकी, ही तुमची जागा."

"म्हाईत हाय मला. उभी रहा. हलू नको."