बगळ्यांच्या चिंचेखालची सोयरीक

झाडावर चढणाऱ्याला वारा लागतो, लांबवरचं दिसतं, असं माझ्या पोरांना वाटतं. मला घाण दिसायची. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटणाऱ्या टोळीत मी तारुण्य घालवलं. पिंपळाच्या ढोलीत हात घातला की कुजकं पाणी आणि त्यात फुगलेली खार. संक्रांतीनंतर मांज्यात अडकून वाळलेला कावळा नेमका तोंडावर यायचा. कोराडीच्या वीजकेंद्राकडे काम असलं की पानांवरची राख नाकात जायची आणि संध्याकाळी थुंकी काळी पडायची. आईने माझा शर्ट कधी घरात येऊ दिला नाही. मला येऊ दिलं, तेही मागच्या दाराने.

सगळ्यात वाईट ती बगळ्यांची चिंच. पावसाळ्यात तिच्यावर घरटीच घरटी. खाली विष्ठेचा पांढरा चिखल, वर सडक्या मासळीचा वास. माणूस जवळ आला की पिल्लू घाबरतं आणि पोटातलं सगळं त्याच्या अंगावर ओकतं. अर्धवट विरघळलेले मासे, बेडकांच्या तंगड्या. पिल्लं बिचारी, पण तंगडी कॉलरमधून आत गेली की दया उरत नाही.

आमच्या लोकांत मुलगा घरी बसवून पाहत नाहीत, कामावर पाहतात. घरी काय, कोणीही धुतलेला सदरा घालून शहाणा बसतो. माझं स्थळ दोनदा असंच मोडलं होतं. दोन्ही पाहुणे नाक धरून परत गेले. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "हे मोडलं तं मी कोणाच्या दारात जात नाही. त्या बगळ्यांसंगच संसार कर."

आणि हे तिसरे पाहुणे आले ते नेमके चिंचेखाली.

खालून मुकादम ओरडला, "अबे, सासरा येऊन राहिला तुया! तोंड पूस!"

"कायनं पुसू? हातही तसेच हायेत!"

पाहुणे लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर होते. त्याआधी तेही आमच्यासारखे झाडांवर चढायचे. शुभ्र धोतर, कडक टोपी. वर मान करून ते पाहत राहिले. मी कुऱ्हाडीचा शेवटचा घाव घालणार, तेवढ्यात फांदी आपणहून करकरली. मी हाक दिली, "आली!"

दुसरा कोणी पाहुणा रस्त्याकडे पळाला असता आणि बहुधा फांदीखाली सापडला असता. आमच्या धंद्यात हाक ऐकली की बुंध्याला चिकटायचं, कारण फांदी बाहेरच्या बाजूला पडते. ते जुन्या सवयीने धावले आणि बुंध्याला बिलगले. बरोबर माझ्याखाली. फांदी कोसळली, झाड हादरलं आणि वरच्या एकूण एक पिल्लाने पोट मोकळं केलं. आधी माझ्या डोक्यावर, तिथून ओघळून त्यांच्या टोपीवर.

मुकादम पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मी उतरलो आणि पाया पडायला वाकलो. माझ्या केसांतलं उरलंसुरलं त्यांच्या पायांवर पडलं.

"उठ गा," ते म्हणाले. "पुरे झालं."

त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, तोंड वाकडं केलं. मग ते मघाशी उभे होते तिकडे पाहिलं. फांदीचा तुटका बुडखा तिथल्याच चिखलात हातभर रुतला होता.

"हाक बरी देतं तू," ते म्हणाले. "घरी पाणी हाय का?"

"हाय, मामाजी."

"मंग आंघोळ तुमच्याकडंच करतो. ह्या वासानं घरी गेलो तं पोरगी हो म्हणन काहून?"

सायकलवर मागे बसून ते आमच्या घरी आले. आईने दोघांनाही मागच्या दारानेच घेतलं. मोरीवर आम्ही आलटून पालटून एकमेकांच्या पाठीवर राख घासली आणि मुलीच्या बापाने लग्नाला होकार दिला तो माझ्या वडिलांची लुंगी गुंडाळून. आई तोंडावर पदर धरून चहा गाळत होती. आनंदाने रडत असेल असं मला वाटलं. ती वास चुकवत होती.