मागच्या दारी पाऊस

मला सांगा, पावसात सायकल कोण फिरवतं? फिरायचंच असेल तर ऊन पडल्यावर फिरा ना! पण आमची चेतना उलटी. नवरात्र बसलं, दसरा झाला, परतीचा पाऊस काही परतायचं नाव घेईना, वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजत होता, बायामाणसं कपाळाला हात लावून बसली होती. आणि ही माझ्या भावाची, भाईदासची पोर आभाळ भरून आलं की खुश. रेनकोट चढवायची, ती गिअरची सायकल काढायची आणि चालली.

चेतना माझी भाची. तिची आई लवकर गेली आणि माझा नवरा त्याच सुमाराला वारला, म्हणून मी भावाकडे आले ती इथलीच झाले. पोरीला मीच वाढवली, त्यामुळे तिला ओळखते. शहाद्याला लॅबमध्ये रक्त तपासते, स्वतः कमावते. बोलते थोडं, बघते फार. लहानपणी पाहुणे आले की कोपऱ्यात बसून एकेकाकडे टक लावून पाहायची, पाहुणेच चुळबुळ करायचे. मी म्हणायचे, ही एक तर पोलिसात जाईल नाही तर सासू होईल.

संशयाचं म्हणाल तर माझंही नाव गावात आहे. निर्मलाबाईच्या नजरेतून मुंगी सुटत नाही म्हणतात. म्हणोत. घरात कोजागिरीला सुपारी फुटायची होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं. मुलगा भाग्येश, तापीकाठच्या एका गावचा. सारंगखेड्याच्या अलीकडे की पलीकडे ते विचारू नका, उगाच वाद नको. बागायती जमीन, घरात आईबाप, मोठा भाऊ आणि त्याची बायको. भाईदास चार नातेवाईक घेऊन कारने जाऊन चौकशी करून आला होता. स्टँडवर चहा घेतला, न्हाव्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, सोन्यासारखा पोरगा. भाईदास त्या दिवसापासून जमिनीवर नव्हता.

आणि ऐन अशा वेळी ही पोर पावसात कुठे जाते? माझ्या मनात एकच आलं, हिचं कुठेतरी काहीतरी आहे. सुपारी मोडली तर भाईदासचं नाक कापलं जाईल.

"कथा जाई ऱ्हायनी व सकाळ सकाळ?" कुठे निघालीस म्हणून मी दारात आडवी झाले.

"फिराले जास, आत्या."

"पानी पडी ऱ्हायना, दिखत नही का?"

"म्हनीसनच जास," ती म्हणाली आणि माझ्या हाताखालून निसटली. पाऊस आहे म्हणूनच जाते म्हणे, काय हे उत्तर! ती परत आल्यावर मी सायकल पाहिली. आमच्याकडची माती काळी, चिकट. चाकाला लागला होता पिवळट गाळ, नदीकाठचा. पुढच्या पावसातही तोच गाळ. म्हटलं, निर्मलाबाई, इथे पाणी मुरतंय.

रविवारी पुन्हा धार लागली. ती निघाली तशी मीही भाईदासला "डोळे दाखवून येते" सांगून छत्री घेतली आणि ॲपे रिक्षात बसले. नदीकडे जाणारा रस्ता एकच आहे. पुढे रेनकोटचा लाल ठिपका दिसत होता. रिक्षावाल्याला म्हटलं, हळू घे बाबा, खड्डे आहेत. तो म्हणाला, मावशी, घाई सगळे करतात, हळू घ्या म्हणणाऱ्या तुम्हीच. ठिपका वळला आणि मी पाटी वाचली. अगं बाई! हे तर भाग्येशचं गाव!

माझं डोकं तापलं. लग्नाआधी, सुपारीआधी, पोरगी एकटी मुलाच्या गावात! उतरले आणि स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, "लाल रेनकोटवाली पोर पाहिली का, सायकलवर?"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. परगावची बाई, कोजागिरी तोंडावर. त्याचा त्यानं हिशोब लावला. "भाग्येशनी चौकशी ना? सोना शे सोना. सुपारीनं खांड बी तोंडमा टाकत नही."

मी पोरीचं विचारत होते, हा मुलाचं सांगत होता. पुढे नळावरच्या बाईला विचारलं. "सोना शे सोना. सुपारीनं खांड बी…" अक्षर न् अक्षर तेच. तेवढ्यात हेमकांत नावाचा माणूस आपणहून छत्रीखाली आला. भाग्येशच्या बापाचा चुलतभाऊ. बांधावरून दोघांची कोर्टात केस चालू, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. तोही म्हणाला, सोना शे.

आता बघा हं. भाऊबंद, त्यात बांधाची केस, आणि तोंडभरून कौतुक? आमच्या खानदेशात भाऊबंद असं बोलला की कान टवकारावेत. इतके दिवस मी पोरीवर संशय घेत होते, तो तिथल्या तिथे गावावर गेला. मी त्याला सरळ विचारलं, "भाऊ, तुमचं तर पटत नाही ना?"

तो हसला, आणि मोठ्या अभिमानानं सांगायला लागला. "मावशी, केस कोर्टमा. लगीनमा नही. गावमा शेती करनारा इतला पोऱ्या बिनलग्नाना शेतस. कोनी पोर देत नही. म्हनीसन मारुतीना पारवर ठरनं, भांजी मारानी नही. आज भाग्येशनं जमनं, ते उद्या आमना पोऱ्यानं जमी." भांजी मारायची नाही, म्हणजे लग्न मोडेल असं कुणाविषयी काही बोलायचं नाही, असा गावानं नियमच केला होता. ते ऐकून मला दिलासा वाटेल अशी त्याची समजूत. म्हणजे भाईदासनं कारने जाऊन जे आणलं ते सगळं पाठ केलेलं!

चेतना मला गावाच्या मागच्या अंगाला सापडली. नदीच्या भरावावरून जाणारी वाट आहे, तिथं बाभळीला सायकल टेकवून उभी. पाऊस डोक्यावर चालूच. मला पाहून दचकली नाही. ही रागावली की शुद्ध बोलते.

"आलीस? मला वाटलंच होतं. मी कुणाला काही विचारत नाही, आत्या. इथे विचारून काही कळत नाही. मी नुसती बघते."

"काय बघतेस?"

तिनं खाली बोट केलं. भाग्येशच्या घराची मागची बाजू. पुढचा ओटा स्टँडवरून दिसतो, हे मागचं दार फक्त भरावावरून. दार बंद. दाराबाहेर, पत्र्याच्या पागोळ्यांखाली एक बाई उभी होती, साडी अंगाला चिकटलेली. ती मोठी सून, शीला. मुलगी पाहायला आले तेव्हा ती आमच्याकडे येऊन गेली होती.

"काम करत असेल," मी म्हटलं.

"कोरड्या दिवशी मलाही तसंच वाटलं असतं. मागच्या दारी उभी असलेली बाई कामात आहे असंच वाटतं. पावसात कळतं की तिला आत घेत नाहीत. मी आले की दर वेळी ती अशीच असते. गेल्या खेपेला भाग्येशनं दार उघडलं. मला वाटलं, घेईल आत. त्यानं तिच्या अंगावरून हात लांबवून बादली आत ओढली आणि कडी लावून घेतली."

छत्री सावरत चिखलातून खाली उतरले. मला बघून शीलानं पदर डोक्यावर ओढला, ओला पदर, त्यातून पाणी गळतंय. मी विचारलं, "बेटा, घर कसं आहे गं?"

"चांगलं शे, मावशी. मानसं बी चांगला शेतस." दात वाजत होते तिचे. मग तिनं माझा हात धरला, बर्फासारखा थंड हात. हळूच म्हणाली, "तुमनी पोर कवय ई? तिले लवकर धाडा. मी एकलीच शे."

पोर कधी येईल, हे काही ती गावासारखं पाठ केलेलं बोलत नव्हती. तिला सोबत हवी होती, पागोळ्यांखाली उभं राहायला दुसरी कुणीतरी. मला तिचा राग येईना, आणि रडू तर आवरेना.

घरी आल्यावर मी भाईदासला सगळं सांगितलं. तो वैतागला. "तुले ते सपनमा बी संशय दिखस, अक्का! परवा सुपारी शे. लोक काय म्हनतीन? अक्कानी भांजी मारी!"

"म्हणू दे! माझ्या नावानं दवंडी पिट. पण उद्या पाऊस असेल तर कार नको, मोटारसायकल काढ. मला मागे बसव. कुणाला काही विचारायचं नाही, फक्त पाहायचं."

तो नाही नाही म्हणत होता. सकाळी पाऊस होता. चेतनानं मोटारसायकलची चावी आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग अर्धी भाकरी तशीच टाकून उठला.

शीला तिथेच होती. दार बंद होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, माणसं हसत होती. भाईदास भरावावर गाडीला रेलून किती वेळ उभा राहिला कोण जाणे. त्याच्या मिशीवरून पाणी टपकत होतं. शेवटी तो खाली उतरला. मला वाटलं आता दार ठोठावून तमाशा करतो. त्यानं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःचा रेनकोट काढून शीलाच्या खांद्यावर टाकला आणि विचारलं, "बेटा, तुन्हं माहेर कोनतं?"

ती घाबरली. चांगलं शे, चांगलं शे, म्हणत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं अगदी बारीक आवाजात गावाचं नाव सांगितलं. खांडबाऱ्याच्या वाटेवरचं गाव.

तो वर आला, गाडी सुरू केली. घराकडे वळलाच नाही. मी ओरडले, "अरे भाईदास, इतक्या लांब? ह्या पावसात?"

"तिना बापले सांगाले पाहिजे," तो म्हणाला. "आपलं लगीन मोडनं, ते मोडनं."

मग बराच रस्ता पाऊस तोंडावर मारत होता, मी त्याच्या पाठीला घट्ट धरून बसले होते. मधेच त्यानं गाडी हळू केली. मागे न बघता माझ्या सासरचं काढलं, "अक्का. मी तुन्हा घर ऊनू का तू बी असंच सांगे. चांगलं शे." एक खड्डा चुकवला. "तुले बी बाहेर ठेयेत का?"

मी म्हटलं, "व्हय."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. भाईदासनं गाडी बाजूला घेतली आणि हँडलवर डोकं ठेवून रडायला लागला. मी त्याच्या ओल्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि थोड्या वेळानं म्हटलं, "चल बाबा. ती अजून बाहेरच उभी शे."