म्हशीच्या कपाळी गंध

मुखेडचे हणमंतराव पेटीमास्तर. उमेदीची सारी वर्षं फिरत्या नाटक कंपनीत गेली. शेवटचा खेळ लातूरला. नायिकेचं पद ऐन रंगात आलेलं, अंतऱ्याचा पहिला सूर लागला आणि वादळानं तंबूच उचलला. पद तिथंच राहिलं. पुढं मालकानं सामान विकलं, त्यात हणमंतरावांची लाडकी पेटीही गेली. पेट्रोमॅक्सच्या आचेनं तिच्या झाकणावर पडलेला कोयीएवढा डाग मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

परवा तो डाग मोबाईलवर दिसला.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर म्हशी, ट्रॅक्टर, कूलर यांची भली मोठी रांग. अंगठा दुखेस्तोवर सरकवल्यावर ती पेटी आली. हणमंतरावांनी फोटो मोठा केला, डाग ओळखला आणि आनंदाच्या भरात मागं जायचं बटण दाबलं. रांग पुन्हा पहिल्या म्हशीवर.

"अगं, दोन प्रवेशांच्या मधे पडदा पडला म्हणून कुणी नाटक नांदीपासून सुरू करतं का?"

"मला काय इचारता?" त्यांची बायको केवळाबाई गवारी मोडत म्हणाल्या. "मी बनवलं का ते?"

पुन्हा शोध. पेटी सापडली. तिच्या खाली आणखी एक पेटी होती. खात्रीसाठी तीही बघायची होती. पण या खेपेला मास्तर सावध होते. रंगमंचावर खुर्चीची जागा चुकू नये म्हणून खडूची खूण करतात. त्यांनी देवघरातलं गंध आणून काचेवर, बरोबर आपल्या पेटीवर, टिकली लावली. मग खालची पेटी उघडून पाहिली आणि ऐटीत मागं आले.

केवळाबाई डोकावल्या. "म्हशीला गंध कशापायी लावलं? आज पोळा हाय का?"

तिसऱ्या खेपेला पेटी सापडली तेव्हा केवळाबाईंनीच 'घ्यायचंय' हे बटण दाबलं आणि पेटीमास्तरांचं नाव, नंबर भरला. विकणारा मलप्पा, भांड्यांचं दुकान, बिलोली. हणमंतरावांनी ठरवलं, आता मागं जाणं नाही. फोन आरतीच्या ताटासारखा धरून ते एस.टी.त बसले. वाटेत फोन वाजत राहिला. पडदा बदलेल या धास्तीनं ते प्रत्येक फोन कापत राहिले. तिकीट काढायला वाहकालाच त्यांच्या खिशात हात घालावा लागला.

बिलोलीत मलप्पा दारातच उभा. "मास्तर, मी कवाचा फोन करून राहिलो, तुम्ही कापून राहिले. दुसरं गिऱ्हाईक बसलंय आत. म्हणलं, यानला न्हाई पायजे वाटतं."

"उचलला असता तर पेटी गेली असती."

"पेटी माझ्या दुकानात हाय, मास्तर. फोनातून कुठं जाती?"

आतलं गिऱ्हाईक पेटी उलटीपालटी करत होतं. हणमंतरावांनी फोन तिच्याशेजारी ठेवला. झाकणावर डाग, फोटोत डाग. गिऱ्हाइकानं दोन्हींकडं पाहिलं, मग मास्तरांच्या चेहऱ्याकडं, आणि पेटी खाली ठेवून बाजूला सरकलं.

हणमंतरावांनी मांडी घातली, भाता सोडला. बोटं आपोआप अंतऱ्यावर गेली.

"हे काय, मधूनच?" मलप्पा म्हणाला. "सुरुवातीपासून होऊ द्या की."

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "सुरुवात लातूरला झालीय," ते म्हणाले.