शेळीच्या दुधाचं माप

शेंद्र्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत दुधातले औषधाचे अंश मोजायचं काम अरफाकडं होतं. एका सकाळी सरूबाई तिथल्या पायरीवर येऊन बसली. ही गावाबाहेर शेळ्या राखणारी बाई. दुधात जनावराच्या औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला म्हणून डेअरीनं तिचं दूध बंद केलं होतं, आणि त्या अहवालाखाली सही अरफाची होती.

"लई औषध निघालं म्हणत्यात. इतकं कुठून आलं, ते तरी सांगा मॅडम," सरूबाई म्हणाली. आवाज मात्र चढवला नाही.

ती गेली तरी 'इतकं' हा शब्द अरफाच्या मनातून हलेना. यंत्र तर ठणठणीत होतं. मग तिच्या ध्यानात आलं, डेअरीकडून नेहमी गाईचंच दूध यायचं. यंत्राचं माप त्यावरच बसवलेलं, आणि मोजलं शेळीचं. दुधातली चरबी न्‌ प्रथिनं औषधाचा आकडा फुगवतात किंवा दाबतात. याला मॅट्रिक्स इफेक्ट म्हणतात, हे तिनं कॉलेजात पाठ केलं होतं. पण पाठ असलेलं वेळेवर सुचतंच असं नाही.

शहरात शहागंजामागं तिची फुप्पू, म्हणजे आत्या, मेहरुन्निसा शेळ्या पाळायची. त्यांना अलीकडं कसलंच औषध दिलेलं नव्हतं. अरफानं त्यांचं दूध आणून त्यात तेच औषध मोजून घातलं. यंत्रानं घातल्याच्या जवळपास दीडपट दाखवलं.

"अहवाल मागं घेतला तर लोक आपल्या प्रत्येक आकड्यावर शंका घेतील," प्रमुख राजेंद्र सर म्हणाले.

"सर, शंकेला जागा आहेच."

सरांनी अहवाल तिच्याकडं सरकवला. "करा मग. पण नीट करा."

तिनं शेळीच्याच दुधात माप नव्यानं बसवलं आणि सरूबाईचा राखून ठेवलेला नमुना पुन्हा लावला. आकडा मर्यादेच्या आत आला. शून्य मात्र नव्हता.

डेअरीला सुधारलेला अहवाल गेला. अरफा स्वतः सरूबाईच्या दारी गेली.

"मावशी, चूक आमची होती. दूध पुन्हा घेतील. पण थोडं औषध आहे त्यात."

सरूबाई खाली बघत म्हणाली, "एकीची कास सुजली व्हती. सुई दिली. तिचं दूध बाजूला काढलं, पर लवकरच मिसळलं. म्हणून तर भांडायला तोंड नव्हतं."

अरफाला राग आला नाही. उलट हायसं वाटलं; उरलेल्या आकड्याचा हिशोब आता लागत होता.

"डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत तिचं वेगळं ठेवा," ती म्हणाली. "कोणती ती?"

सरूबाई उठली, कळपात शिरली आणि एका काळ्या शेळीच्या गळ्यात लाल चिंधी बांधू लागली.