पढना मफी

आखातातल्या मनामा शहराच्या बाजारात बाळाजी चिंदरकरचं शिक्क्यांचं दुकान होतं. म्हणजे दुकान खदिजाबाईंचं, हात बाळाजीचे. रबरी शिक्के, पितळी पाट्या, अंगठीवरची नावं, म्हणाल ते खोदून द्यायचा. मालवणजवळच्या चिंदरचा माणूस, बाप सोनारकाम करायचा, तेव्हा हत्यारं लहानपणापासून हातातली. एकच मेख होती. अरबी त्याला वाचता येत नव्हतं. कागदावर लिहून द्या, पठ्ठ्या उलटं करून हुबेहूब खोदणार. वाचायला सांगाल तर रामराम!

एकदा एका सुताराच्या शिक्क्यावर त्याने पहिल्या अक्षराला एका ठिपक्याऐवजी दोन दिले. झालं! 'नज्जार'चा 'तुज्जार' झाला, सुताराचा व्यापारी. सुतार पोट धरून हसला, म्हणाला, बढती मिळाली. पण खदिजाबाईंनी त्या दिवशी बाळाजीचं नवं बारसंच केलं, "पढना मफी." मफी म्हणजे नाही. हा शब्द आखातात आपली माणसंही दिवसातून शंभरदा वापरतात. सगळा बाजार त्याला त्याच नावाने चिडवायचा आणि तोही हसायचा.

अठ्ठ्याहत्तर साली बँकेतले गुरुप्रसाद खांबेटे सिगारेटचा पत्र्याचा डबा घेऊन दुकानात आले. पुण्याचे, नाण्यांचे वेडे. मराठी बोलायला मिळतं म्हणून बाळाजीकडे तासन् तास बसणारे. मायदेशी परत चाललेल्या एका इंग्रज इंजिनियरचं सामान विकायला निघालं होतं, त्यातून त्यांनी चांदीची सहा जुनी नाणी घेतली होती. सगळी काळीठिक्कर.

"बाळाजी, साफ करा, आणि ट्रे बनवून खाली नावांच्या पाट्या लावा."

बाळाजीने ती रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासली. पाच नाणी साहेबांच्या पुस्तकातल्या चित्रांसारखी निघाली. सहाव्यावर एका बाजूला दाढीवाला चेहरा, दुसरीकडे घोडा आणि स्वार. पुस्तकात अशाच ग्रीक नाण्यावर राजाचं नाव होतं. इथे नावाच्या जागी नुसत्या काड्या आणि गोळे.

नाणी न्यायला आलेल्या साहेबांचा चेहरा उतरला. मग चढला.

"खरं नाणं कुठाय?"

"ह्याच होतां, साहेब."

"खरं ठेवून घेतलंस आणि ही नक्कल खोदलीस! अख्ख्या बाजारात न वाचता अक्षरं खोदणारा दुसरा कोण आहे? चोर आहेस तू!"

एरवी अहो-जाहो करणारा माणूस. खदिजाबाईंना मराठी कळत नव्हतं, साहेबांनी त्यांना हिंदीत समजावलं आणि व्हिसा कॅन्सल करा म्हणाले. बाईंनी नाणं पाहिलं, काड्या पाहिल्या, आणि मान खाली घातली. गमतीने ठेवलेलं नाव बाळाजीच्या गळ्याशी आलं. शेवटी त्या म्हणाल्या, खरं-खोटं ठरेपर्यंत काम कर, पासपोर्ट माझ्या कपाटात, लीव्ह मफी.

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात नसतो! मे महिन्यात गावी जायचं ठरलेलं, बायको मालू दिवस मोजत होती. आता गेलाच तर चोर म्हणून जायचं. त्यापेक्षा समुद्रात उडी घेतलेली बरी, असं बाळाजीला खरोखर वाटलं.

पण तो उठला आणि साहेब रागाने टाकून गेले होते त्या नाण्यापुढे भिंग घेऊन बसला. घोड्याची मान एका घावात, न अडखळता खोदलेली. या माणसाने घोडे पाहिले होते. अक्षरं मात्र त्याने बघून बघून उचललेली, कुठे सुरू होतं, कुठे संपतं याचा पत्ता नसलेली. बाळाजीला तो हात लगेच ओळखीचा वाटला. आणि स्वाराच्या डोक्यामागे केसाएवढी एक वर उठलेली रेघ दिसली. ती पाहून तो ताडकन उठला. साच्याला तडा गेला की त्यात धातू शिरतो, आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर तीच रेघ उमटते. म्हणजे याची भावंडं जगात कुठेतरी असणार, आणि एक जरी सापडलं तरी हे नाणं खोटं नाही!

त्याने दोन्ही बाजूंचे प्लास्टरमध्ये ठसे घेतले, नाणं सोनाराच्या तराजूवर तोललं आणि थेट खांबेट्यांच्या घरी गेला. साहेब आतून बाहेरच आले नाहीत. त्यांची बायको नीला शाळेत शिकवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लंडनच्या एका संग्रहालयाला इंग्रजीत पत्र लिहिलं.

"अहो, मी पाठवतेय हं ठसे," तिने आत हाक मारून सांगितलं. "खोटं निघालं तर तुमचंच खरं होईल, मग हरकत काय?"

उत्तर यायला तीन महिने लागले. मे गेला, जून गेला. मालूच्या पत्रांना काय लिहावं ते बाळाजीला सुचेना.

ऑगस्टमध्ये साहेब स्वतः पत्र घेऊन दुकानात आले. बाईंसाठी हिंदीत वाचू लागले. डॅन्यूब नदीच्या बाजूला राहणाऱ्या केल्ट लोकांचं हे नाणं, दोन हजार वर्षांहून जुनं. ग्रीक राजाच्या नाण्याची नक्कल, मग त्या नकलेची नक्कल. खोदणाऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून अक्षरांच्या काड्या झाल्या. याच साच्यातली दोन नाणी संग्रहालयाच्या खणात आहेत, आणि त्या दोन्हींवर स्वाराच्या डोक्यामागे तीच रेघ आहे.

खदिजाबाई आत गेल्या आणि पासपोर्ट आणून बाळाजीपुढे ठेवला.

"सॉरी, बाळाजी," साहेब म्हणाले. "व्हेरी सॉरी."

बाळाजीने हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"इंग्लिशीत नको, साहेब. चोर तुमी माका मराठीत म्हटलास."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले, कानापर्यंत लाल झाले.

"चुकलो मी. बाळाजी, मला माफ करा."

साहेब गेले. बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं.

"क्या बोला वो?" त्यांनी विचारलं.

"माफी," बाळाजी म्हणाला.

"मफी?" बाई चक्रावल्या. "कुछ नहीं बोला? तो तुम रोता क्यों?"