शेवटच्या पंगतीतले मोठेबाबा

आमच्या मोठेबाबांइतका पक्का नास्तिक भिलाईत दुसरा झाला नाही, आणि देवासाठी त्यांच्याइतकी फुलं चोरणाराही दुसरा झाला नसेल. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावकीवर सोडून ते तरुणपणीच इथे आले, पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनवर लागले, तिथूनच रिटायर झाले आणि भिलाईतच, रिसालीत घर बांधून राहिले. रोज सकाळी फिरायला जात आणि परत येताना लोकांच्या कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंदं रुमालात बांधून आणत. ती मोठीआईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, देवपूजेला. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "देव नसन, पन तुही मोठीआई त हाये ना! तिले फुलं लागते." मोठीआई मात्र चोरीच्या फुलांवर रोज कुरकुरायची आणि रोज तीच वाहायची.

विश्वकर्मा पूजेला प्लांटमधल्या यंत्रांना हार घालतात, नारळ फोडतात. त्या दिवशी मोठेबाबा ग्रीसचा डबा घेऊन क्रेनवर चढायचे. म्हणायचे, "नारळानं बेअरिंग वाचत नाई बाप्पा." निवडणूक आली की प्रत्येक पक्षाच्या माणसाला घरात बोलावून चहा पाजायचे, कारण कोरडं आश्वासन घशाखाली उतरत नाही असं त्यांचं मत. मग प्रत्येकाला एकच प्रश्न, "निवडून आल्यावर याच गल्लीत राहशीन का?" पाहुणा हसून गळ्यातला गमछा त्यांच्या खांद्यावर टाकून जायचा. सगळ्या पक्षांचे गमछे त्यांनी जपून ठेवले होते, स्कूटर पुसायला. मतदानाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. "मत देतो, भरोसा नाई देत," म्हणायचे. पण एका गोष्टीची त्यांनी कधी थट्टा केली नाही. एकच काम करणारे रेग्युलर आणि ठेक्यावरचे मजूर, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. तो विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. "भट्टीले काय ठाऊक, कोन रेग्युलर आन कोन ठेकेवाला? दोघाइलेही सारखंच भाजते!"

आता असा माणूस गणपतीत कशाला जाईल? पण आमच्या मराठी मंडळाचा महाप्रसाद त्यांनी कधी चुकवला नाही. आरतीला मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या पंगतीला पाहुणे आणि वर्गणीवाले, मग बाकीची मंडळी, आणि शेवटी मांडव बांधणारे, झाडूवाल्या बाया, ठेक्यावरची पोरं. हा नियम कोणी केला नव्हता, दरवर्षी आपोआप तसंच व्हायचं. शेवटच्या पंगतीपर्यंत वरण पातळ झालेलं असायचं आणि बुंदी संपलेली. मोठेबाबा जेवायचे ते त्याच पंगतीत. "पंगत एकच करा," म्हणून दरवर्षी भांडायचे आणि अध्यक्ष दरवर्षी जागेचं कारण सांगायचे.

मागच्या खेपेला त्यांचं हृदय फारच थकलं होतं, पायांना सूज होती. मीच त्यांना स्कूटरवर नेलं. वाटेत म्हणाले, "पुढच्या वर्षी मी असन का नसन. एकदा तरी साऱ्याइसंग बसून जेवाचं होतं." तिथे अध्यक्ष नवा होता, इथेच वाढलेला, बोलताबोलता हिंदीत शिरणारा. सगळे जेवेपर्यंत थांबणारा हा म्हातारा त्याने वर्षानुवर्षं पाहिला होता आणि भलताच अर्थ काढला होता. तो माइक घेऊन म्हणाला, "असा भक्त मी पाहिला नाही! सबके बाद प्रसाद घेतात! आजची आरती काकांच्या हातून!"

मोठीआईने तोंडावर हात ठेवला. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आता स्फोट. जन्मभर ज्यांनी देवापुढे हात जोडले नाहीत, ते मोठेबाबा माझ्या खांद्याला धरून उठले. गणपतीकडे पाहिलं. मग चपलांजवळ उभ्या झाडूवाल्या बाईकडे पाहिलं.

"करतो," ते म्हणाले. "पन आज पंगत एकच. साऱ्याइची."

"काकांचा नवस आहे!" अध्यक्ष माइकवर ओरडला. आता नवस मोडायचं पाप कोण घेणार? पाहुण्यांच्या खुर्च्या उचलल्या गेल्या, सतरंज्या पार रस्त्यापर्यंत गेल्या. मोठेबाबांनी आरतीची थाळी उलट्या दिशेने ओवाळली. ओठ हलत होते, लोकांना वाटलं आरती म्हणताहेत. मी मागे उभा होतो, मला ऐकू आलं. ते क्रेन चालवतानाचे जुने शब्द पुटपुटत होते, "हळू... हळू... थोडं खाली घे..."

जेवताना झाडूवाली बाई त्यांच्या शेजारीच बसली होती. पान पाहून छत्तीसगढीत म्हणाली, "ए बबा, आज तो बूंदी घलो मिलिस!" म्हणजे आज बुंदीसुद्धा मिळाली. मोठेबाबांनी आपल्या पानातली बुंदीही तिच्याकडे सरकवली, थोडी चाखायला ठेवून. परतताना मी विचारलंच, आरती कशी काय केलीत? "खोटं बोललो रे," ते म्हणाले. "पन बुंदी गोड होती."

पुढच्या गणपतीआधीच ते गेले. यंदा मांडवात गेलो तर गणपतीशेजारी त्यांचा फोटो, हार घातलेला, खाली लिहिलेलं 'परमभक्त'. मला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. अध्यक्ष माइकवर सांगत होता, "काकांचा नवस आहे, पंगत एकच होईल!" मला राहवेना. मोठेबाबांना परमभक्त म्हणतात? ते असते तर हार काढून फेकला असता! मी पुढे झालो, तर मोठीआईने माझा हात धरला.

"कुठी चालला? राहू दे. खरं सांगशीन त पंगत तुटन."

मग तिने कमरेचा रुमाल सोडला. मोठेबाबांचाच रुमाल होता. आत जास्वंदं होती, सकाळी तोडलेली, अजून ओलसर. आमच्या अंगणात जास्वंद नाही. कोणाच्या कुंपणातली, ते मी तिला विचारलं नाही.